खात्रीसाठी अर्धा आटा

आमच्या घरात कुठलीही गोष्ट एकदा बंद झाली की उघडायला दोन माणसं लागतात, एक बरणी धरायला आणि एक झाकणाशी झोंबायला. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मला मीठ हवं होतं. नवी सून, बरणी काखेत दाबून, दातओठ खात झाकणाशी झटापट करतेय, आणि मागे उभ्या सासूबाई कौतुकाने विचारतायत, घट्ट आहे ना? बाबांनी लावलंय. त्या दिवशी भाजी अळणी झाली आणि ती सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली, कारण बरणी उघडली नाही हे आमच्याकडे पुरेसं कारण मानलं जातं.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर पाणीपुरवठा खात्यात होते. जगात गळती हे एकच संकट आहे आणि त्यावर पाना हा एकच उपाय आहे, अशी त्यांची श्रद्धा. निवृत्त झाल्यावर खात्याचा जीव भांड्यात पडला असेल, आमचा मात्र टांगणीला लागला. नळ इतके आवळायचे की आतल्या वायसरचा चोथा व्हायचा, मग नळ ठिबकायचा, मग ठिबकतो म्हणून आणखी आवळायचा. कुणीही काहीही बंद केलं की बाबा मागून येणार, 'खात्रीसाठी' एवढंच म्हणणार आणि अर्धा आटा आणखी फिरवणार. त्यांच्या मागून सासूबाई फिरवणार, कारण बाबांचं आता वय झालं, हाताला जोर राहिला नाही. सासूबाईंच्या मागून माझे थोरले दीर फिरवणार, कारण बायकांच्या हाताचं काय खरं. आमचं आडनाव अगदी वेगळं आहे, पण गल्लीत सगळे आम्हाला आवळकर म्हणतात. टपालवालासुद्धा एकदा चुकून म्हणाला होता.

राहिला माझा नवरा. घरातला धाकटा, आणि घरच्यांच्या तोंडी अजूनही 'धाकटा'च. त्याने कधी काही आवळलं नाही, कारण पाना त्याच्या हातात कुणी दिलाच नाही. त्याचं काम बॅटरी धरायचं. फ्यूज गेला, बेसिन तुंबलं, काहीही झालं तरी बाबा वाकणार, भाऊजी सल्ले देणार आणि हा उजेड पाडणार. आणि उजेड नीट पडला नाही म्हणून दोघांचा ओरडा खाणार. मला वाटायचं, बिचारा किती शांत आहे. शांत माणसाशी लग्न झालं म्हणून मी स्वतःला नशीबवान समजत होते. यावरून माझी अक्कल तुमच्या लक्षात येईल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आखडलेल्या माना, जाम झालेले खांदे, न वाकणारे गुडघे, हा माझा धंदा. दिवसभर लोकांना म्हणायचं, सैल सोडा, अहो सैल सोडा, आणि संध्याकाळी घरी येऊन मिठाची बरणी काखेत धरायची. बारा वर्षं एकाच दवाखान्याच्या तळघरातल्या खोलीत, खिडकी नसलेल्या, मी हे केलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली पुढे गेल्या, मी तिथेच. मग चार तासांच्या अंतरावरच्या एका शहरात, मोठ्या रुग्णालयात, विभागप्रमुखाची जागा निघाली आणि ती मला मिळाली. स्वतःचा विभाग, स्वतःची माणसं, आणि भिंतभर खिडक्या. मुलाखतीच्या दिवशी मी त्या खिडक्यांकडे बघून जवळजवळ रडले होते. अट एकच होती: सोमवारी सकाळी नऊला स्वतः हजर व्हायचं. नाही झालात तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार. ती बाई त्याच शहरात राहते, आणि तिथल्या कारकुनाने मला हसत सांगितलं होतं की ती रोज फोन करते.

घरात ही बातमी मी सांगितली तेव्हा सासूबाई दोन दिवस फक्त भांड्यांशी बोलल्या. भाऊजींनी विचारलं की तिकडे रुग्ण आहेत का पुरेसे. बाबांनी नकाशा आणला आणि तिथे पाण्याचा दाब किती असतो ते विचारलं. आणि माझा नवरा म्हणाला, "जाऊ या की."

त्या तीन शब्दांवर मी दोन महिने जगले. तो इमारतींचे नकाशे काढतो, काम संगणकावरचं, कुठूनही होण्यासारखं. त्याच्या ऑफिसने होकार दिला. आम्ही दोघांनी जाऊन घर बघितलं, त्यानेच किल्ली घेतली, स्वयंपाकघराची मापंसुद्धा त्यानेच घेतली. रविवारी सकाळी आमच्या गाडीने निघायचं, दुपारपर्यंत पोचायचं, सामान लावायचं, सोमवारी मी हजर. इतकं सोपं होतं.

शनिवारी सकाळी बाबांनी जाहीर केलं की लांबच्या प्रवासाआधी गाडीचं ऑइल बदलायला हवं. मी म्हटलं, बाबा, दोन महिन्यांपूर्वीच बदललंय. त्यांनी विचारलं, कुणी? मी म्हटलं, गॅरेजने. ते म्हणाले, म्हणजे बदललेलं नाही. गॅरेजवाल्यांबद्दल त्यांचं मत असं की ती माणसं नट नुसता टेकवतात आणि सोडून देतात. भाऊजींनी मान डोलावली. भाऊजी विमा कंपनीकडून आपटलेल्या गाड्यांची पाहणी करायला जातात, फोटो काढतात आणि चूक कुणाची ते ठरवतात. त्यामुळे गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची समजूत आहे, आणि ते अविवाहित असल्यामुळे ती समजूत अजून शाबूत आहे.

झालं. पोर्चमध्ये गाडीची पुढची चाकं बाबांनी स्वतः बनवलेल्या लाकडी उतारांवर चढवली. मागच्या चाकांना विटा लावल्या. बाबा जुना पायजमा घालून, खोक्याचा पुठ्ठा अंथरून गाडीखाली सरकले. माझा नवरा बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसला. भाऊजी फोटो काढायला उभे राहिले.

आता तुम्हाला गाडीतलं काही कळत नसेल तर थोडक्यात सांगते, मलाही त्याच दिवशी कळलं. इंजिनाच्या पोटाखाली एक परात असते, तिला चेंबर म्हणतात. ऑइल त्यात साठतं. तिच्या तळाला एक नट असतो. तो काढला की जुनं ऑइल खाली येतं, मग तो परत लावायचा आणि वरून नवं ओतायचं. नट पोलादी, चेंबर अॅल्युमिनियमचं. म्हणजे एक दणकट आणि एक मऊ, आणि दोघांनी एकमेकांना धरून राहायचं. नट बसला की हात थांबवायचा, एवढंच त्यातलं शहाणपण.

गॅरेजवाल्याने लावलेला नट एका हिसक्यात निघाला. बाबा खालून विजयाने ओरडले की बघा, हाताने निघाला असता, मी म्हणत नव्हतो? जुनं ऑइल घमेल्यात पडलं. दोन महिन्यांचंच ते, बरंच स्वच्छ होतं, पण सगळ्यांनी नाकं मुरडली. मग नट परत लावायची वेळ आली. बाबांनी पान्याला हातभर लांबीचा पाइप अडकवला. पाइपामुळे जोर किती वाढतो ते त्यांनी मला खालूनच समजावून सांगितलं. मी म्हटलं, बाबा, चेंबर अॅल्युमिनियमचं आहे, मऊ असतं. खालून उत्तर आलं की मऊ आहे म्हणूनच. या उत्तराला मी आजही काही उत्तर शोधू शकलेले नाही.

नवं ऑइल ओतलं. इंजिन चालू करून बघितलं, एक थेंब नाही. बाबांनी हात धुतले, चहा झाला, सगळे खूश होते. गाडी उतारांवरच ठेवायची, सकाळी एकदा बघून मगच उतरवायची, असं ठरलं. खात्रीसाठी.

त्या संध्याकाळी मी सामान बांधत होते. पुस्तकं, कपडे, माझे व्यायामाचे रबरी पट्टे, सगळीकडे पसारा. दिवेलागणीच्या सुमाराला भाऊजी पोर्चमधून आत आले, तळहात काळे. म्हणाले, टायरमधली हवा बघत होतो. मग सासूबाई गेल्या झाडू घेऊन. पोर्च सकाळीच झाडला होता, पण मी म्हटलं, असेल. बाबा फेरफटका मारून आले आणि चपला न काढता परत बाहेर गेले. आणि जेवणाच्या आधी माझा नवरा आला आणि बराच वेळ बेसिनपाशी हात धूत राहिला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, काही नाही, जरा गाडीपाशी होतो. त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, घर सोडतोय, या पोर्चमध्ये सायकल शिकला असेल, जड जात असेल त्याला. मला भरून आलं. मी मागून जाऊन त्याच्या पाठीवर डोकं टेकवलं आणि म्हटलं, आपलं चांगलं होईल रे. तो नळ आवळत राहिला.

रविवारी सकाळी मी पहिली पिशवी घेऊन बाहेर आले आणि पाऊल ऑइलमध्येच पडलं. नवंकोरं, मधाच्या रंगाचं ऑइल गाडीखालून निघून तुळस-बिळस काही नसलेल्या आमच्या रिकाम्या कुंड्यांपर्यंत पसरलं होतं. मी हाक मारली. सगळे धावत आले. बाबा चष्मा न लावताच खाली सरकले.  मग पान्याची किरकिर, आणि मग त्यांचा आवाज, मी कधीच ऐकला नव्हता इतका बारीक, "फिरतोय. नुसताच फिरतोय." भोकातले आटे झिजून गेले होते. पोलादाने अॅल्युमिनियमचा पार भुगा केला होता. नट भोकात नावापुरता टेकला होता आणि बोटाने गोल फिरत होता.

यापुढे जे झालं त्याला भाऊजी पाहणी म्हणत होते. मी त्याला तमाशा म्हणेन. त्यांनी डबक्याचे फोटो काढले, शेजारी चप्पल ठेवून एक फोटो काढला, म्हणजे आकार कळावा. मग एकेकाला उभं करून विचारायला लागले की काल संध्याकाळनंतर गाडीजवळ कोण गेलं होतं. सुरुवातीला कुणीच नव्हतं गेलं. मग बाबा म्हणाले की ते जाऊन आले, पण फक्त बघितलं. पान्यानं बघितलं? मी विचारलं. त्यावर ते म्हणाले की हात लावल्याशिवाय कळणार कसं. म्हणजे अर्धा आटा. मग सासूबाईंचं पितळ उघडं पडलं, कारण पान्याला गुंडाळलेलं फडकं त्यांच्या स्वयंपाकघरातलं निघालं. गाडी उतारांवर असल्यामुळे पाटावर बसून त्यांचा हात पोचला होता. चार तासांचा रस्ता, वाटेत सुटला म्हणजे, माझं लेकरू जाणार त्यातून, असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. लेकरू अडतीस वर्षांचं, बाजूलाच उभं होतं. शेवटी पाहणी करणाऱ्या साहेबांना स्वतःचे काळे तळहात आठवले. भाऊजींनी दोनदा फिरवला होता. एकदा आईच्या आधी आणि एकदा नंतर.

आता वाद असा सुरू झाला की शेवटचा हात कुणाचा. प्रत्येकाचं म्हणणं की माझा अर्धाच होता, आणि तोही सैलसर. भाऊजी म्हणाले की विम्यात शेवटच्या हाताला महत्त्व असतं. बाबा म्हणाले की पहिल्यांदाच नीट लावला होता तर बाकीच्यांनी जायचंच कशाला, त्यांच्यावर विश्वास नव्हता का? सासूबाई म्हणाल्या की विश्वासाचा प्रश्न नाही, प्रेमाचा आहे. मी घड्याळाकडे बघत होते. त्या पोर्चमध्ये माझ्या सोमवारबद्दल एक अक्षर कुणी काढलं नाही.

मेकॅनिकला फोन लावला तर तो बाहेरगावी. म्हणाला, चेंबरला नवे आटे पाडून जरा मोठ्या मापाचा नट बसवावा लागेल, उद्या संध्याकाळी बघतो, तोवर गाडी हलवायचं नाव काढू नका, ऑइल नसताना चालवलीत तर इंजिनच कामातून जाईल. हे ऐकून आवळकरांनी हातपाय गाळले असते तर बरं झालं असतं. पण बाबांना नळाच्या सांध्याला गुंडाळायची पांढरी टेप आठवली. टेप गुंडाळून नट दाबला, वरून वाटीभर ऑइल ओतलं, ते सरळ बाबांच्या बाहीत गेलं. मग टेपेवर सुतळी. मग भाऊजींनी कुठला तरी चिकट मसाला कालवला आणि त्याने त्यांची दोन बोटं एकमेकांना चिकटली. प्रत्येक प्रयत्नानंतर नट एकदा आवळून बघितला जात होता. काय आवळत होते देव जाणे, आवळायला काही उरलंच नव्हतं.

आणि मग सगळ्यांना एकाच वेळी मी दिसले. सासूबाई म्हणाल्या, एक दिवस मागून घे ना. बाबा म्हणाले, माणसंच असतील ना तिथे, समजून घेतील. भाऊजींनी चिकटलेली बोटं वर करून सांगितलं की ते हवं तर फोटोंसकट पत्र लिहून देतील. मला सगळं दिसत होतं. सोमवारी संध्याकाळी नट, मंगळवारी खात्रीसाठी एक चक्कर, बुधवारी आणखी काहीतरी, आणि तोवर ती रोज फोन करणारी बाई माझ्या खिडकीपाशी बसून चहा पीत असेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, बाराची बस आहे, आम्ही बसने जातो. दोन पिशव्या पुरतात आत्ता, बाकी सामान गाडीबरोबर येईल.

भाऊजींची बोटं वरच राहिली. मी नवऱ्याकडे बघितलं. तो त्या डबक्याकडे बघत होता. मान जाम होऊन आलेला पेशंट, कळ थांबली की कसा दिसतो ते मी रोज बघते. खांदे खाली येतात, कपाळावरची आठी जाते, श्वास पोटापर्यंत उतरतो. माझा नवरा अगदी तसा उभा होता. बायकोची नोकरी ऑइलमध्ये वाहून चालली होती आणि हा सुटलेल्या माणसासारखा उभा होता.

मी त्याला खोलीत बोलावलं आणि दार लावलं. विचारलं, तू पण आवळलास का काल? त्याने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मी म्हटलं, मला माहितीये तू गेला होतास, किती आवळलास ते सांग, मी भाऊजींना सांगत नाही. तो पलंगाच्या कडेवर बसला. अंथरुणावर माझे रबरी पट्टे पडले होते, त्यातला एक घेऊन बोटांना गुंडाळायला लागला.

"मी आवळला नाही," तो म्हणाला. "मी सोडायला गेलो होतो."

मला कळायलाच थोडा वेळ लागला. मग त्याने सांगितलं, जमिनीकडे बघत. सगळे आत आल्यावर तो गेला, पुठ्ठ्यावर आडवा झाला. नट थोडा ढिला करायचा, रात्रीतून ऑइल ठिबकेल, सकाळी गाडी निघणार नाही, एवढाच विचार. कुणाला इजा नको होती, म्हणून पोर्चमध्येच गळू दे, रस्त्यात नको. पाना त्याच्या हातात पहिल्यांदाच आला होता. कुठल्या बाजूला फिरवायचा? त्याने विचार केला की आपण खालून वर बघतोय, म्हणजे सगळं उलटं असणार. त्याने मूठ हवेत धरून मला फिरवून दाखवली. आधी हलेना. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. आणि एकदम तो हातात सैल आला.

"मला वाटलं, सुटला," तो म्हणाला.

मी त्याची मूठ बघत होते. तो आवळत होता. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस काहीतरी सैल करायला गेला होता आणि तेही आवळून आला होता. शेवटचा हात त्याचाच. आटे त्यानेच घालवले. मला हसू फुटलं. मी पलंगावर बसून पोट धरून हसले, तोही थोडा हसला, आणि मग माझं हसणं कधी थांबलं आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं ते मला कळलं नाही. डोळे पुसून मी विचारलं, "तुला यायचं नाही?"

"नाही."

हा शब्द मी त्याच्या तोंडून इतका सरळ कधी ऐकला नव्हता. आमच्या लग्नातच काय, भाजीवाल्यासमोरसुद्धा नाही. मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, जाऊ या की म्हटलं तेव्हापासून. मग घर कशाला बघितलंस, किल्ली कशाला घेतलीस, स्वयंपाकघराची मापं कशाला घेतलीस मेल्या? तर म्हणाला, तू इतकी खूश होतीस. मला वाटलं, मध्येच काहीतरी होईल.

मला राग आला, आणि तो नटाचा नव्हता. बाबांनी, आईंनी, भाऊजींनी जे केलं ते निदान आम्ही नीट पोचावं म्हणून केलं. हा माणूस दोन महिने माझ्या शेजारी झोपला, माझ्याबरोबर पडद्यांचे रंग निवडले, आणि मला नाही म्हणायला त्याला गाडीखाली जावं लागलं. मी त्याला हे सगळं सांगितलं, आवाज न चढवता, कारण आवाज चढवला असता तर दाराबाहेरची तिघं आत आली असती. तो म्हणाला की इथे त्याला सगळं माहिती आहे. कुठलं दार करकरतं, कोण कधी उठतं. तिथे तो काय करणार? माझी वाट बघत बसणार? मी म्हटलं, मी इथे बारा वर्षं काय केलं मग? त्याने पट्टा बोटांवरून सोडून परत गुंडाळला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तो मला खोटा वाटला नाही. घाबरलेला वाटला, आणि माझा वाटला, आणि तेच जास्त लागलं.

मी दोनातली एक पिशवी उचलली. दुसरीत त्याचे कपडे होते.

पोर्चमध्ये मी सांगितलं की मी पुढे जाते, गाडीचं तुम्ही बघा. सगळ्यांना ते पटलं. गाडी दुरुस्त झाली की धाकटा सामान घेऊन येईल, असं त्यांनी आपापसात ठरवूनही टाकलं. सासूबाईंनी डबा भरून दिला आणि झाकण दोनदा दाबून लावलं. बाबा गाडीखालूनच म्हणाले, पोचलीस की फोन कर. नवरा माझी पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आला.  बसच्या पायरीपाशी तो म्हणाला की घरी तो खरं सांगेल, नटाचं. मी म्हटलं, नटाचं नंतर सांग. आधी सांग की तुला यायचं नाहीये. तो हो म्हणाला. बस वळेपर्यंत तो तिथेच उभा होता आणि मी हात हलवला नाही.

गाव मागे पडलं तेव्हा सासूबाईंचा फोन आला. मागे बाबांचा आणि भाऊजींचा आवाज येत होता, म्हणजे सगळे फोनभोवती होते. सासूबाईंचा आवाज भरून आलेला.

"अगं, केवढं मन आहे बघ याचं," त्या म्हणाल्या. "म्हणतोय, सगळं मीच केलं, आणि मुद्दाम केलं. मला जायचंच नव्हतं म्हणे. आम्हाला कुणाला बोल लागू नये म्हणून स्वतःवर घेतोय. हा कसला करतोय असलं काही! तू मनावर घेऊ नकोस हं. गाडी झाली की आम्ही सगळेच येतो त्याला पोचवायला."

मागून भाऊजी म्हणत होते की पाना धरता तरी येतो का त्याला, विचार. कुणीतरी हसलं. नवऱ्याचा आवाज कुठेच नव्हता. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने त्या घरात स्वतःच्या मनातलं काही सांगितलं होतं, आणि सगळे मिळून त्याचं कौतुक करत होते.

मी त्याच्यावर इतकी चिडलेली होते की गप्प बसले असते. पण मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "आई, तो खरं बोलतोय. त्यानेच केलं. त्याला यायचं नाहीये. मलाही सांगितलंय त्याने."

पलीकडचं हसणं थांबलं.  मला वाटलं, फोन कट झाला. मग सासूबाईंनी विचारलं, अगदी हळू, त्यांना खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"मग तू कशाला गेलीस?"

"मला जायचं होतं, आई," मी म्हटलं.